भिंतींतला पैसा

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय वस्त्यांमध्ये एक घरगुती समारंभ होत असे. घरावरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला की कुटुंब शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना जेवायला बोलवायचे आणि सगळ्यांच्या देखत गहाणखत पेटवायचे. इमारतीचे कर्ज फिटल्यावर चर्चमध्येही हाच सोहळा होई. काही चर्चमध्ये तो आजही होतो. घर कर्जातून मोकळे झाले ही बातमी बारशासारखी चारचौघांत साजरी करायची होती.

याच देशात पन्नास वर्षांनी, २००५च्या सुमारास, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत राहणाऱ्या माणसाला शेजारच्या दारात थोड्या थोड्या वर्षांनी नवी गाडी दिसू लागली. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव खोदला जात होता, स्वयंपाकाचा ओटा ग्रॅनाइटचा होत होता, सुट्टी लागली की सगळे घर हवाईला निघत होते. शेजाऱ्याचा पगार फारसा वाढला नव्हता. वाढली होती ती त्याच्या घराची किंमत, आणि त्या वाढीवर तो पुन्हा पुन्हा कर्ज काढत होता. गहाणखत जाळणारा समाज गहाणावर संसार चालवू लागला, याला एकट्या हव्यासाचे कारण पुरत नाही. यात करकायदा आहे, जाहिरात आहे, व्याजदर आहेत. आणि कर्ज विकणारा व कर्ज घेणारा एकाच रस्त्यावर राहावेत असे एक शहरही आहे.

गहाणखत जाळण्यामागे मोठी भीती होती. १९३०पूर्वी घरासाठी मिळणारे कर्ज साधारण तीन ते दहा वर्षांचे असे. किमतीचा जवळजवळ निम्मा भाग आधी स्वतःच्या गाठीचा घालावा लागे. अनेक कर्जांच्या हप्त्यांत फक्त व्याज जाई आणि मुदत संपली की सगळे मुद्दल एकदम देणे निघे. तेव्हा लोक नवे कर्ज काढून जुने भागवत. तरीही पैसे कमी पडले तर तेच घर दुसऱ्याकडे आणखी एकदा गहाण ठेवत, आणि या दुसऱ्या गहाणाचे व्याज जबर असे. महामंदीत बँकांनी हात आखडता घेतला आणि ही सगळी साखळी तुटली. १९३३मध्ये दिवसाला सुमारे एक हजार घरांवर जप्ती येत होती. रूझवेल्ट सरकारने त्याच वर्षी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन स्थापन करून दहा लाखांहून अधिक कर्जे सोप्या अटींवर बदलून दिली. १९३४मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन आले आणि लांब मुदतीचे, समान हप्त्यांचे, दरमहा थोडे थोडे मुद्दल फेडणारे कर्ज रूढ झाले. तीस वर्षांच्या मॉर्गेजची, म्हणजे घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाची, घडी याच पायावर बसली.

ही सोय सगळ्यांना मिळाली नाही. सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या जात आणि तिथे कर्जाला हमी मिळत नसे. दोन पिढ्यांना या अन्यायाची किंमत मोजावी लागली.

ज्यांना कर्ज मिळाले त्यांनी ते निष्ठेने फेडले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४च्या कायद्याने घरासाठी सवलत मिळाली, न्यूयॉर्कजवळ १९४७पासून लेव्हिटटाउन उभे राहू लागले, लॉस एंजेलिसजवळ लेकवुड उभे राहिले. या घरांत राहणाऱ्यांसाठी मॉर्गेजचा हप्ता ही सक्तीची बचत होती. दर महिन्याला भिंतींचा थोडा आणखी भाग आपला होई आणि निवृत्तीपर्यंत सगळे घर आपले होई. दुसरे गहाण ठेवावे लागणे म्हणजे नड. नोकरी गेली, आजारपण आले, धंदा बसला तरच माणूस फायनान्स कंपनीची पायरी चढे, आणि तेही शेजाऱ्यांना कळू न देता.

कॅलिफोर्नियात ही वृत्ती सत्तरच्या दशकात बदलू लागली. महागाई वाढली, घरांच्या किमती त्याहून वेगाने वाढल्या. किंमत वाढली की मालमत्ता कर वाढे, त्यामुळे निवृत्त माणसाला ती वाढ ओझ्यासारखी वाटे. ६ जून १९७८ रोजी मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केले. कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि घर विकले जाईपर्यंत करासाठीचे मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येणार नाही असे ठरले. त्या दिवसापासून वाढती किंमत घरमालकाला कागदावरचा निव्वळ नफा वाटू लागली. आता प्रश्न एवढाच होता की घर न विकता तो नफा हातात कसा घ्यायचा.

उत्तर वॉशिंग्टनहून आले. १९८०च्या केंद्रीय कायद्याने घरावरच्या पहिल्या गहाणासाठी राज्यांच्या व्याजमर्यादा दूर केल्या, १९८२च्या कायद्याने बदलत्या व्याजदराच्या आणि इतर नव्या प्रकारच्या कर्जांना वाट करून दिली. मग १९८६चा करसुधारणा कायदा आला, आणि सगळ्या कहाणीतले सर्वांत मोठे वळण तेच आहे. तोवर क्रेडिट कार्डाच्या आणि वाहनकर्जाच्या व्याजावरही प्राप्तिकरात सूट मिळत असे. नव्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने काढून घेतली. घरावरच्या कर्जाच्या व्याजाची सूट मात्र ठेवली. १९८७मध्ये मर्यादा ठरली: घर गहाण ठेवून एक लाख डॉलरपर्यंत काढलेल्या कर्जाचे व्याज करातून वजा होईल, पैसा कशावरही खर्च केला तरी. गाडी कार्डावर किंवा वाहनकर्जावर घेणारा माणूस आता करात तोट्यात जात होता आणि तीच गाडी घर गहाण ठेवून घेणारा फायद्यात राहत होता. बचतीला उत्तेजन द्यावे आणि कराची रचना सोपी करावी या चांगल्या हेतूने झालेल्या सुधारणेने देशभरच्या घरमालकांना घर गहाण ठेवण्याचे बक्षीस देऊ केले.

बँकांनी हे ताबडतोब ओळखले. होम इक्विटी लाइन ऑफ क्रेडिट, लोकांच्या तोंडी हीलॉक, हे कर्ज त्यांनी घरोघर पोहोचवायला घेतले. यात एकरकमी कर्ज नसते. घराच्या मोकळ्या किमतीवर बँक एक मर्यादा ठरवून देते, सोबत चेकबुक किंवा कार्ड देते, आणि लागेल तसा पैसा काढता येतो. पहिली दहाएक वर्षे फक्त व्याज भरले तरी चालते. हे मुळात दुसरे गहाणच, पण ते शब्द जाहिरातींतून गेले आणि इक्विटी, म्हणजे घरातला मालकाचा मोकळा हिस्सा, हा शब्द आला. एका जाहिरातीने विचारले की तुमच्या घरात किमान पंचवीस हजार डॉलर दडलेले असतील, ते शोधायला मदत करू का. दुसरीत घरातून पैसा बाहेर काढायला एकचाकी हातगाडीच दाखवली होती. १९८०च्या दशकाच्या आरंभी देशभरात हीलॉक आणि एकरकमी अशी इक्विटीवरची सगळी कर्जे मिळून जेमतेम एक अब्ज डॉलरची होती. २००८पर्यंत त्यांची रक्कम एक लाख कोटी डॉलरवर गेली.

पहिले बळी फार लवकर गेले आणि त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. अटलांटा, शिकागो, बॉस्टन अशा शहरांत ज्या कृष्णवर्णीय वस्त्यांना चाळीस वर्षे कर्ज नाकारले होते, तिथल्या म्हाताऱ्या माणसांची घरे ऐंशीच्या दशकात कर्जातून मोकळी झाली होती, पण हातात रोकड नव्हती. छप्पर गळते, खिडक्या बदलायला हव्यात असे सांगत दलाल दारात आले आणि भरमसाट व्याजाची, अवाच्या सवा शुल्काची कर्जे गळ्यात मारून गेले. काँग्रेसने १९९४मध्ये अशा कर्जांवर वचक बसवणारा कायदा केला. त्याची व्याजाची आणि शुल्काची पायरी इतकी उंच होती की सावकार तिच्या किंचित खाली राहून धंदा करत राहिले. दूरचित्रवाणीवर जुन्या बेसबॉल खेळाडूला उभे करून कर्ज विकणारी द मनी स्टोअर ही कंपनी १९९८मध्ये एका मोठ्या बँकेने दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली आणि दोनच वर्षांत बंद केली. धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती.

ऑरेंज काउंटीला तर किमती पडतात हे चांगले ठाऊक होते. शीतयुद्ध संपल्यावर विमान आणि शस्त्रनिर्मितीचे कारखाने आटले, हजारो अभियंते बेकार झाले आणि नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात दक्षिण कॅलिफोर्नियातली घरे वर्षानुवर्षे स्वस्त होत गेली. डिसेंबर १९९४मध्ये खुद्द काउंटीचे सरकार दिवाळखोर झाले. खजिनदाराने सार्वजनिक पैसा तारण ठेवून आणखी उसने घेतले होते, व्याजदर वाढले आणि सुमारे १.६ अब्ज डॉलर बुडाले. दहा वर्षांनी काउंटीतली हजारो कुटुंबे तोच खेळ आपापल्या घरावर खेळणार होती.

या कथेचे केंद्र आयर्व्हाइन. एकोणिसाव्या शतकातले हे मेंढ्यांचे विस्तीर्ण कुरण. १९६०च्या दशकात वास्तुविशारद विल्यम परेरा यांनी त्याचा शहर म्हणून आराखडा केला, १९६५मध्ये विद्यापीठ सुरू झाले, १९७१मध्ये शहराचा दर्जा मिळाला. वुडब्रिजची दोन कृत्रिम तळी, नॉर्थवुड, टर्टल रॉक अशा नावांच्या आखीव वसाहती, कौलांचा आणि भिंतींचा रंगही रहिवासी संघाच्या नियमांत बसणारा. बाहेरून सगळी घरे सारखीच. ऐपत दाखवायची तर ती दारातल्या गाडीत, स्वयंपाकघरात आणि मागच्या अंगणात. उत्तम सरकारी शाळांमुळे तिथे घर घ्यायला रांगा लागत, आणि घर घेतले की त्या रस्त्याचे राहणीमानही सांभाळावे लागे.

त्याच शहरात न्यू सेंच्युरी फायनान्शियल होती. १९९५मध्ये निघालेली ही कंपनी पडत्या पतीच्या लोकांना कर्ज देण्यात देशातल्या अग्रणी कंपन्यांपैकी एक झाली. २००६मध्ये तिने सुमारे साठ अब्ज डॉलरची कर्जे दिली. ऑप्शन वन याच शहरातली. ऑरेंज शहरातल्या अमेरिक्वेस्टने २००५मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतराचा कार्यक्रम प्रायोजित केला, रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्याला पैसा दिला. टेक्सासातल्या एका बेसबॉल मैदानाला तिने आदल्याच वर्षी आपले नाव दिले होते. जानेवारी २००६मध्ये फसव्या कर्जविक्रीच्या तक्रारींवर तिने ४९ राज्यांशी ३२.५ कोटी डॉलरची तडजोड केली. या कंपन्यांत काम करणारे दलाल, कर्जमंजुरी अधिकारी, घरांचे मूल्यांकन करणारे त्याच वसाहतींत राहत होते. ज्या शेजाऱ्याच्या श्रीमंतीचा हेवा वाटे, त्याचा पगारही पुष्कळदा दुसऱ्यांच्या घरांवर कर्ज चढवण्यातून येत होता.

आता आकडे. समजा एका कुटुंबाने १९९८मध्ये अडीच लाख डॉलरचे घर घेतले. पन्नास हजार स्वतःचे, दोन लाख कर्जाचे. २००२मध्ये त्याची किंमत चार लाख झाली. बँकेने जुने कर्ज फेडून तीन लाख वीस हजारांचे नवे दिले. सव्वा लाखाच्या आसपास रक्कम हातात आली, आणि दर उतरल्यामुळे हप्ता त्या मानाने फार वाढला नाही. शेअर बाजार कोसळल्यावर अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, व्याजदर उतरवत होती आणि जून २००३मध्ये तिने तो एक टक्क्यावर आणला. २००५मध्ये घर साडेसहा लाखांचे झाले आणि त्यावर दोन लाखांची हीलॉक मिळाली. या टप्प्यावर उत्पन्नाचा दाखलाही न मागणारी कर्जे होती आणि ऑप्शन आर्म नावाचे कर्जही होते. त्यात किमान हप्ता भरला तर पूर्ण व्याजही भागत नसे आणि उरलेले व्याज मुद्दलात जाऊन बसे. सात वर्षांत त्या घरावरचे कर्ज दोन लाखांवरून जवळजवळ सव्वापाच लाखांवर गेले आणि कुटुंबाला मात्र आपण श्रीमंत झालो असेच वाटत राहिले.

देशभरच्या चौकशीत हेच चित्र दिसले. २००० ते २००७ या काळात घरमालकांनी घरांतून दोन लाख कोटी डॉलर बाहेर काढले. त्यातले ३३४ अब्ज एकट्या २००६मध्ये. २००१मध्ये दर कुटुंबामागे मॉर्गेजचे कर्ज सरासरी ९१,५०० डॉलर होते, ते २००७मध्ये १,४९,५०० झाले. पगार मात्र जवळजवळ जागच्या जागी होते. मूल्यांकनकर्त्यांवर घराचा आकडा फुगवण्यासाठी दबाव येत होता. त्याविरुद्ध सुमारे अकरा हजार जणांनी सह्या केलेला अर्ज सरकारकडे गेला होता.

मार्च २००६मध्ये ऑरेंज काउंटीतल्या कोटो दे काझा या कुंपणबंद वसाहतीतल्या बायकांवरची 'द रिअल हाउसवाइव्ह्ज ऑफ ऑरेंज काउंटी' ही मालिका सुरू झाली. सगळ्या देशाने ती शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहावे तशी पाहिली. पुढच्या काही वर्षांत त्याच मालिकेत एका कुटुंबाच्या दारावर घर रिकामे करण्याची नोटीस लागलेली दिसली.

हा पैसा गेला कुठे? गाड्या, बोटी, प्रवास हे उत्तर अर्धेच आहे. २००१-०२मध्ये पुन्हा कर्ज काढून रोकड घेणाऱ्यांची फेडरल रिझर्व्हने पाहणी केली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश पैसा घराच्या दुरुस्ती-सुधारणेत आणि पाव भाग क्रेडिट कार्डासारखी जुनी कर्जे फेडण्यात गेल्याचे दिसले. एलिझाबेथ वॉरन आणि अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००३मधल्या पुस्तकात दाखवले की मध्यमवर्ग बुडतो तो चैनीपेक्षा चांगल्या शाळांच्या परिसरातले घर, आजारपण आणि मुलांचा सांभाळ यांच्या खर्चात. अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी २०१०मध्ये मांडले की उत्पन्नातली दरी बुजवता आली नाही, म्हणून राजकारण्यांनी सोप्या कर्जाला वाट दिली. शेजाऱ्याच्या तलावाकडे पाहून संतापणाऱ्याने हे विसरू नये: त्या तलावाशेजारच्या घरात कोणी डायलिसिसचे बिल आणि कोणी कॉलेजची फी त्याच चेकबुकातून भरत होते.

तरी शेजाऱ्याचा प्रभाव खराच असतो. सुमित अगरवाल, व्याचेस्लाव मिखेद आणि बॅरी शोल्निक यांनी कॅनडातल्या लॉटरी विजेत्यांच्या अगदी जवळच्या शेजाऱ्यांचा अभ्यास केला. बक्षीस जितके मोठे, तितकी त्या शेजाऱ्यांवर दिवाळखोरीची पाळी जास्त आली. आणि दिवाळखोरीच्या अर्जांत गाडी-घरासारख्या चारचौघांना दिसणाऱ्या मालमत्तेचे वजन वाढलेले आढळले. अमेरिकेत तर लॉटरी सगळ्या रस्त्याला एकदमच लागल्यासारखे वाटत होते. आतिफ मियाँ आणि आमिर सूफी यांच्या अभ्यासात २००२ ते २००६ या काळात घराच्या वाढलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी पंचवीस सेंट उसने काढल्याचे निघाले. तरुण आणि कमी पतीच्या कुटुंबांत हे प्रमाण अधिक होते. अशा कर्जाने २००८पर्यंत घरगुती देण्यांत सव्वा लाख कोटी डॉलरची भर घातली, आणि २००६ ते २००८मधल्या नव्या थकबाकीतली किमान ३९ टक्के त्यामुळे झाली.

आयर्व्हाइनमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्याच फ्रीमाँटमध्ये, क्यूपर्टिनोत याच काळात मराठी घरेही होती. वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या सन २०००च्या अडचणीच्या, कामानिमित्त नव्वदच्या दशकाच्या शेवटी गेलेले संगणक अभियंते तोवर स्थिरावले होते, मुले शाळेत जाऊ लागली होती आणि शाळेसाठी घर घेणे भाग होते. ज्या भारतातून ते आले होते तिथे गृहकर्ज ही गोष्टच नवी होती. एचडीएफसीची स्थापना १९७७ची, आणि त्यांच्या आईवडिलांच्या पिढीत घर बहुधा प्रॉव्हिडंट फंडातून, निवृत्तीच्या आगेमागे उभे राही. ऋण काढून सण करू नये हे ऐकत वाढलेल्या माणसाच्या टपाल पेटीत आता घरावर पैसे घ्या असे सांगणारी पत्रे येत होती. कोणी ती फाडून टाकली, कोणी त्या पैशातून दुसरे घर गुंतवणूक म्हणून घेतले. सरसकट विधान करता येईल असे यात काही नाही.

जून २००४ ते जून २००६ या काळात फेडरल रिझर्व्हने सतरा वेळा दर वाढवून सव्वापाच टक्क्यांवर नेला. हीलॉकचे व्याज या दराबरोबर चढते, त्यामुळे आधी जाच तिथेच सुरू झाला. किमती थांबल्या, मग घसरल्या. ज्यांचा सगळा हिशेब पुढच्या वर्षीच्या चढ्या किमतीवर होता, त्यांना पुढचे कर्ज मिळेना. २ एप्रिल २००७ रोजी न्यू सेंच्युरीने दिवाळखोरी जाहीर केली आणि तीन हजारांहून अधिक कर्मचारी एकदम घरी गेले. त्यातल्या कित्येकांचे स्वतःचेही हप्ते चालू होते. अमेरिक्वेस्ट त्याच वर्षी बंद पडली. जुलै २००८मध्ये पासाडेनाची इंडीमॅक बुडाली. २००७च्या उन्हाळ्यात ऑरेंज काउंटीत मधल्या किमतीचे घर साडेसहा लाख डॉलरच्या आसपास होते. २००९च्या आरंभी ते चार लाखांच्या खाली आले. दरम्यान बँकांनी हजारो हीलॉक पत्र पाठवून गोठवल्या. ज्यांनी ती मर्यादा अडीअडचणीसाठी राखून ठेवली होती, त्यांना अडचणीच्या महिन्यातच ती बंद झालेली आढळली.

इथे कायद्यातल्या एका जुन्या कलमाने माणसामाणसांत मोठा फरक केला. महामंदीत, १९३३मध्ये, कॅलिफोर्नियाने ठरवले होते की घर विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज बुडाले तर बँकेने घर घ्यावे, मालकाच्या इतर मिळकतीला हात लावू नये. मात्र हे संरक्षण मूळ खरेदीच्या कर्जालाच होते. नंतर काढलेल्या हीलॉकला ते नव्हते. सही करताना हे किती जणांना कोणी सांगितले असेल? डिसेंबर २००७च्या कायद्याने माफ झालेल्या कर्जावरचा प्राप्तिकरही सोडला, पण पैसा घर घेण्यात, बांधण्यात किंवा सुधारण्यात गेला असेल तरच. शाळेच्या फीसाठी काढलेला आणि बोटीसाठी काढलेला पैसा या हिशेबात सारखाच ठरला.

काटकसरीने राहिलेल्या शेजाऱ्यालाही याची झळ बसली. जप्तीतले घर मिळेल त्या भावाने विकले जाई आणि आजूबाजूच्या घरांचे मोल त्यावरून ठरे. बेकर्सफील्ड परिसरात सोडून दिलेल्या घरांच्या तलावांतले पाणी हिरवे पडले, त्यात डास झाले आणि २००७मध्ये वेस्ट नाइल तापाचे रुग्ण आदल्या वर्षापेक्षा २७६ टक्क्यांनी वाढले. संशोधकांनी त्याचा संबंध थकलेल्या कर्जांशी जोडला. पेरिस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या शहरात ओस घरांपुढचे वाळलेले गवत हिरव्या रंगाने रंगवण्यात आले.

मग शेजारी हा राजकारणाचा विषय झाला. १८ फेब्रुवारी २००९ रोजी ॲरिझोनातल्या मेसा इथे ओबामांनी अडचणीतल्या घरमालकांसाठी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. दुसऱ्या दिवशी शिकागोच्या सौदाबाजारातून बोलताना सीएनबीसी वाहिनीचे रिक सँटेली यांनी भोवतालच्या दलालांना विचारले की ज्याने जास्तीचे न्हाणीघर बांधले आणि आता हप्ता भरत नाही, अशा शेजाऱ्याचे कर्ज तुमच्यातला कोण फेडणार आहे. टी पार्टी चळवळीची ठिणगी या भाषणाने पडली असे मानले जाते. प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्याचा राग समजण्यासारखा होता. पण चारच महिन्यांपूर्वी बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला होता. न्हाणीघराच्या मालकावर तुटून पडणे सोपे होते, कारण तो शेजारी राहत होता. त्याला कर्ज देणारे, ते कर्ज रोख्यांत बांधून जगभर विकणारे कोणाच्याच अंगणातून दिसत नव्हते.

दुसरी वाट शक्य होती, आणि ती टेक्सासने दाखवली होती. १८३७च्या आर्थिक पडझडीनंतर, टेक्सास अजून स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, १८३९च्या कायद्याने कुटुंबाचे राहते घर सावकाराच्या आवाक्याबाहेर काढले. सोबत पाच दुभत्या गाई, बैलजोडी किंवा एक घोडा, वीस डुकरे आणि वर्षाची शिधासामग्रीही. पुढे हे तत्त्व राज्यघटनेत गेले आणि राहते घर गहाण ठेवून हवा तसा पैसा काढायला टेक्सासमध्ये दीडशेहून अधिक वर्षे बंदी राहिली. १९९७मध्ये मतदारांनी ती उठवली, पण अटी घालून: सगळी कर्जे मिळून घराच्या ८० टक्क्यांवर जाता कामा नयेत, अर्जानंतर बारा दिवस थांबायचे, सहीनंतरही तीन दिवसांत मन बदलता येईल, वर्षातून एकच कर्ज, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय जप्ती नाही. डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतले अर्थतज्ज्ञ अनिल कुमार यांनी राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंची कर्जे तपासली, तेव्हा टेक्सासच्या बाजूला थकबाकी कमी निघाली.

देशपातळीवर सुधारणा झाल्या त्या अर्ध्यामुर्ध्या. १९८७ची ती 'कशावरही खर्च करा' सवलत २०१७च्या करकायद्याने काढली. २०१८पासून घरासाठीच वापरलेल्या कर्जाच्या व्याजाला सूट आहे. २००९च्या सुमारास सातशे अब्ज डॉलरवर असलेली हीलॉकची बाकी २०२२च्या आरंभी सुमारे ३१७ अब्जांपर्यंत उतरली. त्यानंतर व्याजदर वाढले. तीन टक्क्यांचे जुने मॉर्गेज मोडायला कोणी तयार होईना, म्हणून रोकड हवी असणारा घरमालक पुन्हा हीलॉककडे वळला आणि बाकी परत चढू लागली. २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्याने, कर्ज देण्याआधी घेणाऱ्याची फेडण्याची ऐपत तपासलीच पाहिजे, असे गृहकर्ज देणाऱ्यांवर बंधन घातले. जानेवारी २०१४पासून हा नियम लागू आहे, आणि हीलॉक त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे.